कोणतं टोक सोडायचं

भाताच्या रोवणीचा फोटो काढायला जुलैची दुपार ही सर्वांत वाईट वेळ, आणि रोवणी असते नेमकी तेव्हाच. लाखनी-साकोलीकडे जा नाहीतर पवनीकडे, बांधीत घोट्यापर्यंत पाणी, त्या पाण्यात पावसाळी आभाळाचा लख्ख उजेड आणि त्यावर ओणव्या झालेल्या बाया. वरून येणारा उजेड डोक्यावरच्या पदराने अडवलेला. मध्येच आभाळ उघडलं तर पाण्यातली चमक आणि पदराखालचा चेहरा यांत सहा-सात स्टॉपचं अंतर सहज पडतं. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तेव्हा पाणी चेहऱ्यापेक्षा साठ ते सव्वाशे पट उजळ. डोळ्यांना दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला दिसेलच असं नाही.

याच भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं. तिथे अडचण उलटी. रंगमंचावर चार दिवे, आणि समोर बसलेलं गाव अंधारात. हा जिल्हा कॅमेऱ्याला असा दोन्ही टोकांनी ताणतो. फिल्म चांगली की डिजिटल, हा वाद पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून घातला तर आवडीनिवडीवर संपतो. इथे तो बांधीत आणि मांडवात तपासून बघता येतो.

वाद घालणारे दोघं मी कल्पनेने समोरासमोर बसवले आहेत. एक मामाजी : उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवर हात बसवलेले, पुढे रंगीत रोलवर शेकडो लग्नं केलेले, आणि आता स्टुडिओचं शटर अर्धंच वर करणारे. दुसरी त्यांची भाची : लग्नाच्या ऑर्डरी घेणारी आणि सवड मिळाली की गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला पक्ष्यांमागे जाणारी. भंडारा-तुमसरकडे अशी जोडी शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

भाची : अजी मामाजी, आकडाच बघा ना. माझ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याला आयएसओ १०० वर चौदा स्टॉपची रेंज आहे. तुमच्या स्लाइडला पाच होती. बोलायचं काय उरलं?

मामाजी : स्लाइडचं काहून काढून राहिली? ती मासिकवाल्यांची. नागझिऱ्यात वाघ काढणारे स्लाइड वापरत, कारण छापणाऱ्याला तीच लागे. ऐन-बांबूच्या सावलीत उन्हाचे कवडसे पडलेले, त्यात पट्टेवाला वाघ, आणि पाच स्टॉपची स्लाइड. अर्धा स्टॉप चुकला की काम संपलं. आपण निगेटिव्हवाले. निगेटिव्हबद्दल बोल.

(नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला आणि जंगलाचा पत्ता बदलला. मामाजींच्या पिढीने तो अजून मनातून बदललेला नाही.)

भाची : बोला मग निगेटिव्हबद्दल.

मामाजी : ४०० चा रोल मी २०० समजून वापरत होतो, म्हणजे मुद्दाम एक स्टॉप जास्त उजेड. उन्हातल्या लग्नात घाईत आणखी दोन स्टॉप ओव्हर गेला तरी नागपूरच्या लॅबमधून प्रिंट नीट येई. नवरदेवाचा पांढरा कोट, नवरीची जर, भंडाऱ्याच्या पितळी गुंडावरची चमक, सगळं जागेवर. तुझ्या कॅमेऱ्यात तीन स्टॉप ओव्हर देऊन दाखव.

भाची : कोट उडेल. परत येणार नाही.

मामाजी : मग चौदा स्टॉप कुठं गेले, बापा?

हा प्रश्न वरवर टोमणा वाटतो, पण खरा मुद्दा त्यातच आहे. रेंज किती, याच्याइतकंच ती मधल्या करड्या रंगाच्या कोणत्या बाजूला किती पसरली आहे, हे महत्त्वाचं. लाइटमीटर ज्याला मध्य मानतो, त्याच्या वर डिजिटल सेन्सरला साधारण तीन-साडेतीन स्टॉपची जागा असते. बाकी सगळी खाली, सावल्यांच्या बाजूला. रंगीत निगेटिव्हचं उलट : वर ऐसपैस, खाली चिंचोळं. कंपन्यांचे आकडे मोजताना तळ तिथे धरतात जिथे उजेडाच्या खुणेइतकीच (सिग्नलइतकीच) खरखर (नॉइज) असते. तेवढ्या खोल सावलीतला चेहरा कुठल्याही नवरीला अल्बममध्ये चालणार नाही, त्यामुळे चौदातले वापरण्याजोगे स्टॉप बरेच कमी. आकडा खोटा नाही, पण तो कॅमेऱ्याच्या खोक्यावरचा आहे, फोटोतला नाही.

असं का होतं? फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक स्फटिक असतात. उजेड पडला की स्फटिकात चांदीचे अणू सुटे होतात. तीन-चार अणूंचा पुंजका जमला की तो अख्खा स्फटिक डेव्हलपरमध्ये काळा होतो. नाही जमला तर स्फटिक हायपोत विरघळून जातो, जणू त्याच्यावर काही पडलंच नव्हतं. म्हणून फार कमी उजेडात फिल्म मख्ख राहते. दुसऱ्या टोकाला, उजेड वाढत जातो तसे शिल्लक स्फटिक कमी होत जातात. काळेपणा वाढायचा वेग मंदावतो, पण एका फटक्यात थांबत नाही. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली इंग्लंडमध्ये हे सगळं एका वक्ररेषेत मांडून दाखवलं : तळाशी जवळपास सपाट, मध्ये चढ, माथ्यावर सपाट होत जाणारा खांदा. मामाजींनी ही दोन नावं कधी ऐकली नसतील, पण ४०० च्या रोलला २०० चा हिशेब लावताना ते त्याच रेषेवर उभे होते, तळापासून थोडे वर सरकून.

भाची : सेन्सरचं मी सांगते. पिक्सेल म्हणजे आपली बांधी समजा. पाऊस पडेल तसं पाणी सरळ हिशेबात चढते. दुप्पट पाऊस, दुप्पट पाणी. पण धुऱ्यापर्यंत आलं की वरचं वाहून जाते, मग पाऊस किती पडला ते बांधी सांगू शकत नाही. माझ्या पिक्सेलमध्ये साठेक हजार इलेक्ट्रॉन मावतात, आणि मोजताना चुकतात चारेक. साठ हजार भागिले चार, पंधरा हजार. म्हणजे चौदा वेळा दुप्पट. तळाचं इतकं बारीक मोजते ती, तुमच्या फिल्मला ते जमत होतं का?

मामाजी : तळाचं नाही जमत. पण तुझी बांधी फुटते, माझी फुटत नव्हती.

भाची : म्हणून मी कमीच देते. रोवणीत मी पाण्याचा हिशेब धरते, चेहरा काळा पडू देते आणि घरी येऊन उचलते.

मामाजी : आणि मी चेहऱ्याचा हिशेब धरून पाणी देवावर सोडत होतो.

दोघंही एकच फोटो काढताहेत आणि मीटर विरुद्ध दिशांना फिरवताहेत. निगेटिव्हवाला सावली सांभाळतो कारण तिथे गेलेलं परत येत नाही; डिजिटलवाली उजेड सांभाळते, कारण तेच. माझ्या मते दिवसाउजेडी रोवणीत मामाजींची पद्धत जास्त आरामाची होती. उजेड आणि चेहरे क्षणाक्षणाला बदलतात, बाया हसतात, वर बघतात, पुन्हा वाकतात, आणि तेवढ्यात पाण्याच्या कडेला कुठे काय उडतंय ते पडद्यावर तपासत बसणं म्हणजे फोटो हुकवणं. आज मोबाइल हे काम गुपचूप करतो : मुद्दाम कमी उजेडाच्या बऱ्याच फ्रेम झटपट घेऊन एकत्र शिवतो, त्यामुळे पाण्यात ढगही दिसतात आणि चेहराही. मात्र त्या फोटोत दुपार उरत नाही. सगळं एकाच सपाट उजेडात, ऊन कुठून येतंय हेही कळत नाही. हा माझा जुनाट हट्ट म्हणून सोडून दिला तरी चालेल.

रात्रीचा हिशेब मात्र एकतर्फी आहे, आणि मामाजींनाही तो मान्य करावा लागतो.

भाची : दंडारीचे तुमचे जुने फोटो बघितले मी. सगळे फ्लॅशचे. समोरचा नाचा चुन्यासारखा पांढरा, मागं ठार काळं.

मामाजी : मग काय करता? ४०० चा रोल, ५० ची लेन्स १.८ वर, आणि शटर तीसवर. तेवढ्यात नाचणारा थांबते का? गॅसबत्तीच्या दिवसांत तर तेही पुरत नव्हतं.

भाची : पुश करता आला असता.

मामाजी : केला. ४०० चा १६०० केला, डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवला. चेहरे वर आले, ग्रेन रव्यासारखा. पण सावलीत जे नव्हतं, ते नव्हतंच. वेळ वाढवल्यानं न पडलेला उजेड थोडाच येते? वर मेमध्ये काळ्या-पांढऱ्याला पाणी लागे वीस अंशाचं आणि नळाला येई चाळीसचं. बर्फ आणून घालावा लागे. रंगीताची प्रक्रिया अडतीस अंशाची, भंडाऱ्याचा नळ तिच्या बाजूनं होता, पण रंगीताचं यंत्र नागपूरला!

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. तीन मीटरवरचा नाचा बरोबर उजळला, तर सहा मीटरवरच्या ढोलकीवाल्यापर्यंत पाव उजेड पोचतो आणि बारा मीटरवर बसलेल्या गावापर्यंत सोळावा हिस्सा. म्हणून जिल्ह्याच्या रात्रीचे जुने फोटो चारदोन माणसांचे आहेत. प्रेक्षक त्यात नाहीत. घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी, मांडीवर झोपलेलं पोर, हे सगळं त्या काळ्यात गेलं. दंडारीवर लिहिणारा माणूस जुने फोटो बघून हा खेळ चार जणांचा होता असं समजला, तर त्याचा दोष नाही. फिल्मच्या मंद नजरेने तो इतिहास कापून ठेवला आहे.

२००७ साली निकॉनचा डी३ आला, तेव्हा हे पान उलटलं. आयएसओ ६४०० वर छापण्याजोगा फोटो, आणि ताणलं तर २५,६००. ४०० ते ६४०० म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळा पट. मामाजींना जिथे एक तीसांश सेकंद लागत होता, तिथे भाचीला जवळपास पाचशेवा भाग पुरतो. गिरकी घेणारा नाचा हवेत थांबतो, मागचा ढोलकीवालाही दिसतो आणि त्याच्या मागचं गावही. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात पहाटे फिरणाऱ्यांनाही याचाच फायदा झाला. २०१६च्या एप्रिलनंतर दिसेनासा झालेला जय नावाचा वाघ स्लाइडच्या काळात फिरला असता, तर त्याच्या पहाटेच्या फोटोंची गिनती बोटांवर झाली असती.

भाची : हे मान्य करा ना मग. सेन्सर जास्त संवेदनशील आहे.

मामाजी : करतो. पण ६४०० लावल्यानं तुझा सेन्सर जास्त उजेड खाते, असं नको सांगू.

इथे मामाजी बरोबर आहेत, आणि कॅमेरा विकणारे हे सांगत नाहीत. आयएसओची तबकडी फिरवल्याने सेन्सरची भूक बदलत नाही. उजेड कमीच येतो, त्यातून तयार झालेली खूण मोठी करून मोजली जाते. वाढवलेल्या प्रत्येक स्टॉपला वरच्या टोकाचा साधारण एक स्टॉप जातो. चौदाची रेंज ६४०० वर आठ-दहावर येऊन बसते. खरखर दिसते ती बहुतांशी उजेडाचीच : कमी कण आले की त्यांची संख्या जागोजाग कमीजास्त होणारच. सेन्सरचं खरं मोठेपण वेगळं आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडकणांतले निम्म्याच्या आसपास तो मोजून घेतो; फिल्मच्या हाती शेकड्यातले मोजकेच लागतात. आणखी एक : अगदी मंद उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवलं, तर फिल्म आणखी सुस्त होते, कारण स्फटिकातला एखादा सुटा अणू दुसरा येईपर्यंत टिकत नाही. सेन्सर मोजत राहतो. उन्हाळ्यात मात्र त्यालाही त्रास आहे. दर सहा-आठ अंशांना त्याची अंधारातली आपोआपची गळती जवळपास दुप्पट होते, आणि मेमध्ये भंडारा रात्रीही थंड होत नाही.

मामाजी : आणि तुझं ते नॉइज काढायचं सॉफ्टवेअर? नाच्याच्या तोंडाला रंग फासलेला असते, तर ते पुसून मेणाचा पुतळा करून ठेवते. ग्रेन तरी प्रामाणिक होता.

भाची : ग्रेन प्रामाणिक असन, पण त्यात माणूस ओळखू येत नव्हता.

इथपर्यंत ऐकलं तर दिवस मामाजींचा आणि रात्र भाचीची, अशी वाटणी करून उठता येईल. पण या वादात एक तिसरा भागीदार आहे, आणि दोघं त्याच्याकडे दुर्लक्ष करतात : कागद. मामाजींना ‘सगळं जागेवर’ दिसलं ते प्रिंटवर, आणि चांगल्या चकचकीत कागदावरही काळ्या-पांढऱ्यातलं अंतर सातेक स्टॉपच्या पुढे जात नाही. शिवाय लॅबचं यंत्र अख्ख्या फ्रेमची सरासरी काढून मध्यावर आणतं. पाणी खूप असेल तर सरासरी उजळ, मग यंत्र फोटो गडद करतं आणि रोवणीतल्या बायांचे चेहरे काळे पडतात. मामाजी पाकिटावर ‘उजळ करा’ असं पेनने लिहून पाठवत. चेहरे उघडत, पाणी मात्र कोरं होऊन येई.

निगेटिव्हमध्ये ते कोरं नव्हतं. निगेटिव्ह दृश्य दाबून ठेवते. दहा स्टॉपचं दृश्य तिच्यात सहा स्टॉपच्या काळेपणात बसतं. कागदाला तेही एकदम पेलत नसे. पण भाचीचा सेन्सर, ज्याची बांधी रोवणीत फुटते, तो हे सहा स्टॉप आरामात उचलतो. तिने हलक्या उजेडाच्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने फोटो काढायला घेतले ते याच हिशेबाने. फिल्मने उन्हात साठवलेलं डिजिटलने आत बसून वाचायचं. दोन्हींतलं एक निवडायचं असतं, हा आपला समज इथे निकामी होतो.

आणि हे निव्वळ तांत्रिक समाधान नाही. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि पुढे वैनगंगेच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. त्या गावांतली लग्नं कुठल्या ना कुठल्या मामाजींनीच काढलेली आहेत. भर दुपारचा मांडव, मागे उन्हात चुन्याने रंगवलेली भिंत. अल्बममध्ये ती भिंत पांढरी फटक. निगेटिव्हमध्ये तिच्यावरची गेरूची नक्षी, दारावरचं नाव, कोनाड्यातला दिवा, हे सगळं असण्याची शक्यता पुष्कळ आहे, कारण ते सगळं वरच्या टोकाला आहे आणि वरचं टोक फिल्मने सोडलेलं नाही.

भाची : म्हणून म्हणते, आधी बुडीत गावांची लग्नं स्कॅन करू. कोट आणि भिंती. दंडार नंतर.

मामाजी : दंडार आधी. त्यातले अर्धे लोक गेले.

भाची : अजी, पण तिथं फिल्म कोरी आहे. उजेडासमोर धरून बघा, मागचं सगळं पारदर्शक. त्यातून मी काय उचलू? त्यापेक्षा या वर्षीच्या मंडईला माझ्यासोबत चला. कुठं उभं राहायचं ते तुम्ही सांगा, मी ६४०० वर पाचशेनं काढते.

मामाजी : आता मांडवात एलईडी असतात. स्वस्तातल्या. मागच्या वेळी एक पोरगा काढून राहिला होता, त्याच्या फोटोत आडवे पट्टे आले.

भाची : हो, ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर शंभरावर आणावं लागते, नाहीतर पन्नासवर.

मामाजी : म्हणजे नाच्याचे हात हलणार.

भाची : हलू द्या. मग आयएसओही १२५० पुरते, रेंज थोडी परत मिळते.

मामाजी : तेवढ्यात मी ४०० च्या रोलवर...

भाची : नाही जमणार, मामाजी. दीड स्टॉप कमी पडते.